उपाशी कोंबड्यांचा हिवाळा

परवा सकाळी कॉलेजात जाताना वाऱ्यावरून उकळत्या रसाचा तो वास आला आणि मी गाडी बाजूला घेऊन उगाच थोडा वेळ उभी राहिले. गुऱ्हाळ कुठं दिसत नव्हतं. शहराच्या इतक्या जवळ आता ती फारशी उरलेलीही नाहीत. पण वास काही पत्ता विचारत येत नाही. नाकातून शिरला आणि सरळ पोटात उतरला. घरून व्यवस्थित पोहे खाऊन निघाले होते, तरी भूक लागली. भुकेचा अभ्यास करण्यात ऐन उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला आपल्याला भूक नेमकी कशाने लागते हे अजून सांगता येत नाही, याचं मला त्या रस्त्यावर उभ्या उभ्या हसू आलं.

असाच वास त्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून यायचा. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात संशोधन करत होते. करत होते म्हणजे अवयवांचे तुकडे मेणात बसवून त्याच्या वड्या पाडत होते, त्यांचे पापुद्र्यासारखे पातळ काप घेत होते आणि ते काचपट्ट्यांवर चिकटवत होते. खोलीत मेणाचा आणि रसायनांचा डोकं धरणारा वास. पण वारा फिरला आणि गुळाचा वास आत आला की सगळ्यांचे हात थांबायचे. कुणीतरी हळूच डबा उघडायचं, मग दुसरं, मग तिसरं. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत निम्मे डबे संपलेले असायचे. थंडीत कोल्हापूरला भूक जरा जास्तच लागते. उन्हाळ्यात ती जरा कमी लागते असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही.

मी शोधत होते तीही भूकच. जठराच्या अस्तरात काही मोजक्या पेशी असतात. त्या घ्रेलिन नावाचं एक रसायन तयार करतात आणि रक्तात सोडतात. पोट रिकामं आहे ही बातमी ते मेंदूपर्यंत नेतं. तेव्हा ते नवंनवंच सापडलेलं होतं आणि जगभरचे लोक त्याच्या मागे लागले होते. आपण पोटात कावळे ओरडतात म्हणतो, ते कावळे कुठल्या फांदीवर बसतात हे आता कळू लागलं होतं. कोंबडीत हे रसायन कसं वागतं याविषयी मात्र जाणकारांचं एकमत नव्हतं. म्हणून आमच्या सरांनी मला विषय दिला, कोंबडीचा. उपाशी कोंबडीचं जठर आणि भरल्या पोटाच्या कोंबडीचं जठर शेजारी शेजारी ठेवून बघायचं, भुकेच्या पेशी कुणात किती दिसतात.

या पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना हुडकायला अँटीबॉडी लागते. सशाच्या शरीरात तयार करून घेतलेलं हे प्रथिन एका वेळी एकाच गोष्टीला ओळखतं. लग्नाच्या गर्दीत एखादा मामा जसा बाकी कुणाकडे न बघता फक्त आपल्या गावची माणसं हुडकून त्यांच्या गळ्यात हात टाकतो, तसं ते हजारो पेशींतून घ्रेलिनवाल्या पेशी शोधून त्यांना चिकटून बसतं. मग वरून आणखी एकदोन द्रव घातले की जिथे मामा बसलाय तिथे तपकिरी रंग उमटतो. थर्माकोलच्या खोक्यातून, वितळत आलेल्या बर्फात बसून, ती अँटीबॉडी आमच्याकडे आली तेव्हा मी खोकं उघडून आधी घाबरलेच. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीपेक्षाही लहान कुपी, आणि तिच्या तळाशी जेमतेम काही थेंब. सर म्हणाले, सांभाळून. त्यांनी दुसरं काही सांगायची गरजच नव्हती.

आता यातली गंमत अशी की आमचं घर शिरोळकडचं लिंगायत. आमच्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. मी कोंबडीचं पोट तपासते हे कळल्यावर अप्पा, म्हणजे माझे वडील, शेतातल्या उसाकडे बघत म्हणाले, माणसाचं पोट मिळालं नाही का. अव्वानं, म्हणजे आईनं, वेगळाच मुद्दा काढला. काचपट्ट्यांवर अँटीबॉडीचा थेंब ठेवला की त्या रात्रभर ओलसर, बंद डब्यात ठेवायच्या असतात. त्यासाठीचा खास डबा विभागाकडे नव्हता, म्हणून मी घरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा नेला होता. तळाला ओला कापूस, वर काचपट्ट्या. माझा लाडू ठेवायचा डबा कोंबडीला दिलीस, हे अव्वा पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत असे. तो डबा अजून माझ्याकडे आहे. त्यात लाडू ठेवायचं धाडस कुणाला झालेलं नाही.

कोंबड्या मिळायच्या शेवंताक्काकडे. टेंबलाईच्या टेकडीवरून खाली येताना तिचं दुकान होतं. पुढे पिंजरे आणि कापायचा ओटा, मागे चूल असलेली तिची खोली. नवरा गेल्यावर दुकान तिनंच चालवलं होतं. धिप्पाड बाई, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला इथूनच भाव कळावा. पहिल्या दिवशी मी बिचकत उभी राहिले आणि म्हटलं, मला कोंबडी नको, तिचं जठर हवं आहे, तेही आत्ता, ताजं. आक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो, जेवलीस का.

तो प्रश्न मला त्यानंतर रोज ऐकावा लागला. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर तिनं जराही कुरकुर केली नाही. माझ्यासाठी एक वेगळा तवा आणि वेगळी ताटली मागच्या खोलीत उंच फळीवर ठेवली, आणि ओट्यावरचं काम झालं की साबणाने हात घासून, पदर बदलून खोचून, भाकरी थापायला बसायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांगं, कधी नुसतं दही. फॉर्मालिनमध्ये जठराचा तुकडा टाकलेली बाटली शेजारी ठेवून मी जेवत असे. मी पुरे म्हणायची आणि ती आणखी अर्धी वाढायची. कोल्हापुरात पुरे या शब्दावर कुठल्याच वाढणाऱ्या बाईचा विश्वास नसतो. ताटावर आडवा हात धरला तर हाताला चटका बसेल अशा बेतानं भाकरी येते. पुण्याला शिकायला गेलेली माझी मैत्रीण सांगायची, तिथे पुरे म्हटलं की खरंच थांबतात. आम्हाला ते ऐकून वाईट वाटायचं.

आक्काची आणखी एक रीत होती. जठर ती मला कधी तसंच देत नसे. उभं चिरून, आतलं सगळं काढून, स्वच्छ धुऊन द्यायची. मी म्हणे, राहू दे, आम्हाला चालतं. पण न खाणाऱ्याच्या पोरीच्या हातात घाण कशी द्यायची, असं तिचं म्हणणं. मला तो चांगुलपणा वाटायचा. चांगुलपणाच होता तो, पण त्या चांगुलपणानेच माझा घात केला.

ठरलं होतं ते असं. एका पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना नेहमीसारखं पोटभर घालायचं. दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांना आदल्या दिवसापासून फक्त पाणी, दुसरं काही नाही. मी ते नीट समजावून सांगितलं होतं आणि आक्कानं मान डोलावली होती. सकाळी दोन्हीकडची जठरं घेऊन मी मोपेडवरून टेकडी चढून विभागात यायची.

पहिले काप रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर तपकिरी ठिपके अगदी छान उमटले होते. फक्त दोन्हीकडे सारखेच. उपाशीतही तेवढेच, जेवलेलीतही तेवढेच. म्हटलं, काप नीट पडले नसतील. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग संशय अँटीबॉडीवर. त्या वर्षी भारनियमन होतं आणि विभागातला फ्रिज दिवसातून बराच वेळ नुसतं कपाट होऊन बसायचा. कुपी खराब झाली असेल म्हणून मी बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणून थर्मासमध्ये तिला जपायला लागले. तान्ह्या पोरासारखी ती मांडीवर घेऊन बसायची. सरांनी मग एका पट्टीवर अँटीबॉडी न घालता बाकी सगळं तसंच करायला सांगितलं. त्या पट्टीवर रंगच आला नाही. म्हणजे रंग अँटीबॉडीमुळेच उमटत होता, ती धडधाकट होती आणि आपलं काम चोख करत होती. चुकत होता तो आमचा अंदाज. उपाशी पोट आणि भरलेलं पोट यात फरकच नसेल तर माझ्या विषयात काय उरलं?

सरांनी सरळ सांगितलं, थंडी संपेपर्यंत बघू, नाहीतर विषय बदलू. विषय बदलायचा म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि अप्पांनी तालुक्याच्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते चिडून बोलले नव्हते, उलट फार मायेनं म्हणाले होते, साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, गाळप संपेपर्यंत, तुझं काही झालं तर ठीक, नाहीतर शाळा काय वाईट आहे. शाळा वाईट नव्हतीच. पण मला ते ठिपके हवे होते. एखाद्या गोष्टीची इतकी भूक मला आधी कधी लागली नव्हती आणि नंतरही क्वचितच लागली. त्या दिवसांत मी जेवायचे खूप आणि अंगी काही लागायचं नाही.

संक्रांत झाली होती. एका रविवारी गेले तर दुकानासमोर ही गर्दी. रविवारी सकाळी कोल्हापूरला दुसरं काम नसतं. आक्काला मान वर करायला सवड नव्हती. तिनं उपाशी पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अख्खं जठर माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, आज तूच काप, शिकली आहेस ना त्यातलं. मी बाजूला बसून सुरी फिरवली. आतून पिवळसर दाणे घरंगळले. मी बोटानं चाचपून बघितलं. वरीचे तांदूळ होते. सोबत शेंगदाण्याचे तुकडे आणि रताळ्याची एक न विरघळलेली फोड.

मी ते तळहातावर घेऊन ओट्यापाशी गेले.

"आक्का, ही उपाशी हुती न्हवं?"

"हुती की. दाणा न्हाय दिला तिला. वरी घातली वाईच, अन् शेंगदाणं. उपासाला चालतंय की ते."

"उपाशी म्हंजे कायच न्हाय, आक्का. मी सांगितलं हुतं तुला."

आक्कानं हातातला सुरा ओट्यावर ठेवला.

"सांगितलं हुतंस. कळलं बी हुतं मला," ती म्हणाली. "कापायचं ते माझं काम हाय, त्येला इलाज न्हाय. पण माझ्या दारातनं कोण उपाशी गेल्यालं न्हाय, पोरी. जाणार बी न्हाय."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. महिनेच्या महिने माझ्या काचपट्ट्यांवर उपाशी म्हणून ज्या बसल्या होत्या, त्या सगळ्या एकादशीचा फराळ करून आल्या होत्या. एकादशी आणि दुप्पट खाशी. त्या दिवशी मी भाकरी न खाता निघाले. टेकडी चढता चढता मात्र मोपेडवर एकटीच हसायला लागले, कारण डोक्यात उजेड पडला होता. दोन्ही पोटं भरलेलीच होती, मग ठिपके सारखे दिसणारच. अँटीबॉडी खरी, विषय खरा, फक्त कोंबडी खोटी. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, दुसरं दुकान बघ.

बघितली की. तिथे उलटीच पंचाईत. इतर दुकानांतल्या कोंबड्या गाडीतून आलेल्या, दिवसदिवस खुराड्यात कोंबलेल्या, सगळ्याच अर्धपोटी. उपाशी हव्या तेवढ्या मिळत होत्या, पण पोटभर जेवलेली, सुखी कोंबडी सगळ्या परिसरात फक्त शेवंताक्काकडे होती. आणि जोडी लावायची तर दोन्ही एकाच दारच्या हव्या होत्या. झक मारत मी परत गेले. आक्का माझ्यावरच रुसलेली होती. कोंबड्यांचं नावही तिनं काढलं नाही. भाकरी टाकून गेलीस, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग चुलीपाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. थंडी संपली की विषय संपतो हे सांगितलं, शाळेचं सांगितलं, आणि मला काय हवं आहे तेही सांगितलं. सांगताना रडू आलं ते लपवलं नाही.

आक्कानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"शिवरात्रीला दुकान बंद असतंय," ती म्हणाली. "त्या दिशी मी बी कायच खात न्हाय. तू बी खाऊ नगंस. त्या बी खायच्या न्हाईत. समदीच उपाशी ऱ्हायली म्हंजे कुणी कुणाला उपाशी ठिवल्यालं न्हाय."

या हिशेबात कुठल्या परीक्षकानं चूक काढून दाखवावी. मी तरी काढली नाही.

महाशिवरात्र म्हणजे आमच्या घरी मोठा दिवस. त्या वर्षी मी घरी गेले नाही, आक्काच्या मागच्या खोलीत बसून राहिले. पिंजऱ्यातल्या एरवी फराळाच्या मानकरी असलेल्या कोंबड्या सकाळी थोडा वेळ वाट बघून मग कलकलाट करायला लागल्या. आक्कानं पाण्याची वाटी भरून ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. शेजारच्या घरात रताळी उकडत होती. तो वास भिंतीतून आत येत होता. दुपारी आक्काचा हात शेंगदाण्याच्या डब्याकडे गेला आणि मी बघते आहे हे पाहून परत आला. स्वतःसाठी घेत होते, ती म्हणाली. मी हो म्हटलं. आम्ही दोघी एकमेकींवर पहारा करत होतो आणि कोंबड्या आम्हा दोघींना शिव्या देत होत्या. संध्याकाळी देवळातली घंटा ऐकू येत होती, थंडी शिव शिव म्हणत निघाली होती, आणि माझ्या पोटात मी ज्याच्यावर प्रबंध लिहिणार होते ते सगळं जोरात चाललं होतं. इतका आनंदानं केलेला उपास माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्कानं उपाशी कोंबडीचं जठर न धुता माझ्या बाटलीत टाकलं आणि हात धुऊन आधी चूल पेटवली. पिंजऱ्यात उरलेल्यांना ओंजळभर दाणा, मला भाकरी, मग स्वतःला.

माझे विद्यार्थी आता हेच काम तयार सामान वापरून करतात. फ्रिजला स्वतंत्र जनरेटर आहे, डबा प्लॅस्टिकचा आहे, त्याच्यावर लाडवाचा डाग नाही. चांगली मुलं आहेत. पण गुळाचा वास आला तर खिडकी लावून घेतात, आणि निम्मी दुपारी म्हणतात, मॅडम, मी डाएटवर आहे. मी त्यांना विचारायचं सोडत नाही, जेवलास का, जेवलीस का. त्यांना वाटतं ही मॅडमची सवय आहे.

त्या शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात मी काप रंगवले. शेवटचा द्रव घातला आणि मी सूक्ष्मदर्शकातून बघत राहिले. आधी काहीच नाही. मग उपाशी काचपट्टीवर इथे एक, तिथे एक, आणि बघता बघता सगळं अस्तर तपकिरी ठिपक्यांनी भरून गेलं. शेजारच्या, आधीच जपून ठेवलेल्या भरल्या पोटाच्या कापांत ते विरळ, तुरळक. शाळकरी पोराला कळावा इतका ढळढळीत फरक. सरांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि बाहेर चहा सांगायला गेले. पुढे फुरसतीनं आणखी जोड्या लावल्या, दर वेळी आक्काला सोबत उपास पडला. पण त्या दिवशीच मला कळलं की मी शाळेत जात नाही. अप्पांनी शाळेला तसा निरोप धाडला आणि आक्कासाठी गुळाची एक अख्खी ढेप दिली. आमच्या घरातून कोंबडीच्या दुकानात गेलेली ती पहिलीच भेट.

ढेप पोचवली तेव्हा आक्का म्हणाली, मला बी दाव की ती भूक. म्हणून एके दुपारी दुकान बंद करून ती विभागात आली. नवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेला डबा. दोन्ही डोळे मिटून सूक्ष्मदर्शकावर वाकली, मग मी एक उघडायला लावला. आधी उपाशी दाखवली. किती ठिपके म्हणायचे हे, आक्का पुटपुटली. मग मी जेवलेली लावली. ती तिनं फार वेळ बघितली.

"हिनं पोटभर खाल्ल्यालं न्हवं?"

"व्हय, आक्का. तूच घातलं हुतंस."

"तरी बी हायत की ठिपकं. थोडं हायत, पण हायत."

"असतात थोडं."

आक्का सरळ झाली. खुर्चीवर बसून डब्याची गाठ सोडली आणि माझ्या हातात भाकरी ठेवली. मी खाल्ली, दुसरीही खाल्ली, आणि सवयीनं हात आडवा धरून पुरे म्हटलं.

आक्कानं सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं.

"पोट भरलं तरी थोडी भूक ऱ्हातीच. आता डोळ्यानं बघितली मी," ती म्हणाली. "हात काढ."

मी हात काढला.